पुडकं 70 पानांचं

2024मध्ये कोलंबियातल्या काली शहरात भरलेल्या जैवविविधता परिषदेने मूलनिवासी आणि स्थानिक समुदायांसाठी कायमस्वरूपी मंडळ स्थापलं. मूळ करार 1992चा. बत्तीस वर्षं म्हणजे तशी लगबगच!

इकडे गोंदियाच्या देवरी तालुक्यात बाया मे महिन्याच्या पहाटे जंगलात शिरतात, तेंदूपानं तोडतात, 70 पानांचं एकेक पुडकं बांधून फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, वाळत घालतात. 2006च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेल्या जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतःच करतात. ठेकेदाराशी घासाघीस, मजुरीचा हिशेब, सगळं सतरंजीवर. 'भागधारक' हा शब्द कुणी उच्चारत नाही. बहुधा म्हणूनच काम उरकतं.

मसुद्यातल्या वादाच्या शब्दांभोवतीचा एक कंस उडवायला तिकडे परिषदेत रात्र जागवतात. इकडे वाळल्या पानांवर पाणी शिंपडून पोती भरली, की ट्रक निघतो.