अनोळखी वृक्षाचा पंचनामा

अरण्यात शिरलेल्या सुशिक्षित गृहस्थास वाघाहूनही अधिक धास्ती वाटते ती 'हे झाड कसले?' या प्रश्नाची; आणि हा प्रश्न विचारणारे बहुधा स्वतःचे अपत्य किंवा पत्नीचे बंधू असल्यामुळे मौन धारण करणे प्रतिष्ठेस परवडत नाही. अशा प्रसंगी पुष्कळसे गृहस्थ वर न पाहताच 'ऐन' असे सांगून मोकळे होतात, आणि सह्याद्रीच्या पानझडी जंगलात ऐन विपुल असल्यामुळे त्यांचे उत्तर कित्येकदा दैवयोगाने बरोबरही येते. तथापि दैवावर हवाला ठेवणे ज्यांस कमीपणाचे वाटते, अशा होतकरू तपासनिसांसाठी पुढील कलमे लिहिली आहेत.

कलम पहिले, मुद्देमालाविषयी. तपास पानापासून सुरू होतो आणि पान नेमके हाताच्या पोहोचेबाहेर असते, हा या विद्येचा आद्य सिद्धांत होय. फांदी ओरबाडण्याचा मोह अनावर झाल्यास १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम २६ आठवावे. त्यान्वये राखीव जंगलातील झाडाची साल अथवा पाने काढणे हा गुन्हा आहे, सबब झाडाची ओळख पटण्यापूर्वी फॉरेस्ट गार्डची ओळख होण्याचा संभव असतो. राहता राहिले खाली पडलेले पान. ते खुशाल उचलावे, परंतु ते शेजारच्या झाडाचे नाही याची खातरजमा मान वर करून करावी. तसेच एकाच पानाच्या जबानीवर विसंबू नये. फणसाच्या रोपाची पाने खाचदार असतात आणि तोच फणस मोठा झाला म्हणजे अखंड कडांची पाने धारण करून बालपणाचा इन्कार करतो.

कलम दुसरे, शिरगणतीविषयी. 'पळसाला पाने तीन' हे सर्वमान्य वचन असले तरी वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी ते तीन भागांचे एकच पान आहे, आणि ही पाने नसून पर्णिका आहेत हे ठरविण्याची रीत अशी की, देठाच्या बगलेत कोंब आहे किंवा नाही हे पाहावे. जेथे कोंब तेथे पान सुरू होते. पर्णिकेच्या बगलेत कोंब कधीही सापडत नाही. तीन पर्णिका मोजून पळसाचे नाव जाहीर करण्यास उतावीळ झालेल्या तपासनिसाने हेही ध्यानात घ्यावे की पांगारा आणि बेल यांसही तीनच पर्णिका असतात, आणि काटे मात्र या दोघांच्याच अंगावर असतात.

कलम तिसरे, बैठकीच्या व्यवस्थेविषयी. पाने फांदीवर समोरासमोर बसली आहेत की एकाआड एक, हे पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. साग आणि कुडा समोरासमोर बसवितात, आंबा तसे करीत नाही, आणि सातवीण तर साधारण सात जणांचे मंडळ भरविते. नंतर पान उलटे करावे. वरच्या बाजूवर भाळून निकाल देणाऱ्यास ऐनाच्या पानाखाली, देठाजवळ मध्यशिरेवर असलेल्या त्या ग्रंथी कधीच दिसत नाहीत. उजेडाकडे धरल्यास जांभळाच्या पानात कडेलगत धावणारी शीर आढळते, आणि चुरगळल्यास त्याचा विशिष्ट गंध येतो. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले असता हात तांबडा होतो. देठ मोडून चीक पाहण्याची पद्धतही मान्यताप्राप्त आहे. मात्र बिब्ब्याचा रस अंगास लागल्यास फोड येतात, म्हणून प्रत्येक झाडाचा चीक तपासण्यापूर्वी ते झाड बिब्ब्याचे नाही हे आधी ओळखून ठेवणे इष्ट. ते कसे ओळखावे, याचे उत्तर प्रस्तुत मार्गदर्शनातील इतर सर्व कलमांत आहे.

कलम चौथे, हुलियाविषयी. पान उंचावर राहिले तरी खोड समोर असते, आणि खोडास वेषांतर करता येत नाही. ऐनाची साल काळपट व मगरीच्या पाठीप्रमाणे खोल चिरलेली. त्याच्याच कुळातील अर्जुनाची गुळगुळीत, पांढुरकी व ढलपे सुटणारी. म्हणून दोघांची पाने सारखी भासली तरी खोडावर हात ठेवताच घोटाळा मिटतो. काटेसावरीच्या तरुण खोडावर जाड बुडाचे शंक्वाकृती काटे असतात, परंतु वृद्ध सावरीचे खोड बरेचदा निष्कंटक होते, सबब काट्यांचा अभाव हा निर्दोषत्वाचा पुरावा समजू नये. वड व उंबर यांच्या कोवळ्या डहाळीवर उपपर्ण गळून गेल्यावर तिला वेढणारा वण राहतो. चिकाबरोबर हा वणही सापडल्यास त्या खानदानाविषयी शंका उरत नाही.

कलम पाचवे, फुलाफळांविषयी. फूल अथवा फळ हाती लागणे म्हणजे आरोपीने स्वतः कबुलीजबाब देणे होय: ऐनाच्या फळास पाच पंख असतात, आणि किंजळाच्या फळास तीन, त्यांतील एक मोठा. दुर्दैव एवढेच की पळस, पांगारा आणि सावर ही मंडळी ऐन बहराच्या काळात निष्पर्ण असतात, त्यामुळे पान व फूल या दोन्ही साक्षीदारांस एकाच तारखेस हजर करणे शक्य होत नाही. दोन ऋतूंत दोन खेपा घालणे हाच यावर उपाय.

कलम सहावे, ग्रंथाधाराविषयी. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा संग्रह थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. हे गृहस्थ मूळचे इंजिनिअर व पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते, ही गोष्ट या विषयाचे रीतसर शिक्षण न झालेल्या वाचकास धीर देणारी आहे. अशा ग्रंथांतील कोष्टके दोनदोन पर्याय पुढे ठेवून वाट दाखवितात. पहिल्याच फाट्यावर 'पान साधे' आणि 'पान संयुक्त' यांत चूक झाली तर उरलेला प्रवास अत्यंत शास्त्रशुद्ध रीतीने भलत्याच कुळात जाऊन संपतो.

कलम सातवे, निकालाविषयी. घाईने दिलेल्या नावाची शिक्षा नाव देणाऱ्यास होत नसते. ती झाडास होते. दरवर्षी दसऱ्यास 'आपटा' म्हणून कांचनाच्या फांद्या तोडल्या जातात, कारण दोघांची पाने मध्ये खाच पडून दुभंगलेली असतात आणि तेवढ्यावरच ओळख पुरी झाली असे तोडणारा व विकत घेणारा दोघेही मानतात. आपट्याचे पान आकाराने लहान व लांबीपेक्षा रुंदीस अधिक, कांचनाचे मोठे, एवढी तपासणी उभ्या उभ्या होण्यासारखी आहे. पण सोने लुटण्याच्या गर्दीत कांचनाची कैफियत ऐकून घेण्यास कोणास सवड नसते.

म्हणून वाचकांस विनंती अशी की पान, बैठक, पाठ, साल आणि फळ यांच्या जबान्या परस्परांशी जुळेपर्यंत पंचनाम्यातील नावाच्या रकान्यात 'अनोळखी' असे स्वच्छ अक्षरात लिहावे, आणि मेव्हण्यांनी कितीही आग्रह केला तरी त्यात खाडाखोड करू नये.