जेटमध्ये तार घालणाऱ्या मेस्त्रींस

मेस्त्री,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. बंदरावर ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि माझं भांडण तुमच्या नावाशी नाही, तुमच्या हातांशी आहे. माझ्या चुलतभावाच्या होडीचं आउटबोर्ड मशीन तुमच्या दुकानातून ‘एकदम ओके’ होऊन आलं होतं. १ जूनला मासेमारी बंदी लागली, मशीन उतरवून पडवीत आणलं आणि मी त्याचा कार्ब्युरेटर उघडला. आत काय सापडलं ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण निम्मं तुम्हीच ठेवलेलं होतं.

आधी जे तुमचं नाही ते बाजूला काढतो. फ्लोटच्या वाटीच्या तळाशी पांढरी भुकटी होती आणि पितळी जेटांवर हिरवा चिकट थर. खारं पाणी, पितळ आणि ॲल्युमिनियम एकत्र नांदले की ॲल्युमिनियम झिजणारच. त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते ओलावा ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की दोघंही पेट्रोलपासून फुटून तळाला बसतात. हा सगळा समुद्राचा आणि पेट्रोलचा प्रताप. तो साफ करता येतो. वाटीचा तळाचा स्क्रू गंजून घट्ट बसला होता. गरम पाण्याचा शेक आणि गंज सोडवणारं तेल आलटून पालटून देत राहिलो, पाना जोरात मारला नाही, आणि स्क्रू आटे न जाता सुटला.

तुमचा प्रताप मात्र असा सुटत नाही.

बॉडी तुम्ही कॉस्टिक सोड्यात उकळलीत. नाकबूल करू नका, काळवंडलेला आणि खाल्लेला धातू समोर आहे. ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये पडलं की जोरात फसफसतं. मळ निघतोय असं समजून तुम्ही बघत बसलात, आणि धातूच विरघळत होता. वाटी जिथे टेकते ती कड त्यामुळे खड्ड्याखड्ड्यांची झाली. मग पॅकिंग धरेना, म्हणून तुम्ही सिलिकॉन फासलंत. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं, सुटतं आणि पेट्रोलबरोबर वाहत जातं, एवढं मेस्त्री म्हणवणाऱ्याला माहीत नसावं? कमी रेसला पेट्रोल देणाऱ्या पायलट जेटच्या तोंडाशी त्याचा तुकडा अडकला होता. चिमट्याने धरून ओढला तर शेवईसारखा लांबत बाहेर आला.

आता मेन जेटकडे येतो. या पत्राचं कारण तोच आहे.

कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल कुणी ढकलत नाही. हवा अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, तिथे दाब उतरतो आणि त्या ओढीने पेट्रोल जेटमधून वर येतं. जिओव्हानी बात्तिस्ता व्हेंतुरी या इटालियन शास्त्रज्ञाने १७९७ मध्ये मांडलेल्या याच गोष्टीवरून त्या गळ्याला व्हेंच्युरी म्हणतात. म्हणजे मेन जेटमधून किती पेट्रोल जायचं ते ठरवतं एक भोक, फक्त एक भोक. त्याचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत धरलेलं असतं. १ मिलिमीटरचं भोक १.१ केलं तर क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं. भिंगाखाली तुमचा जेट धरला तर भोक लांबट झालेलं आणि आतून ओरखडे. पोलादी तार घातलीत, नाहीतर सरळ ड्रिल.

हे का केलंत तेही कळलं. पायलटची वाट बंद होती, म्हणून मशीन स्लोला बसत नव्हतं. ती वाट उघडायची तर कार्ब्युरेटर पूर्ण सोडवायला हवा. त्यापेक्षा मेन जेट वाढवला, स्लोचा स्क्रू आवळून रेस चढवून ठेवली, आणि पिंपातल्या पाण्यात मशीन चालू करून दाखवलंत. वाढलेल्या रेसवर गिअर टाकताना दर वेळी खाडकन आवाज येत होता. ते दातेही तुमच्याच खात्यात लिहा. काळे पडलेले प्लग आणि जास्त जळलेलं पेट्रोलही.

पण माझा संताप पेट्रोलच्या पैशांसाठी नाही. खाडीच्या तोंडावर लाटा फुटतात, तिथून होडी काढताना माणूस सारखा रेस कमीजास्त करत असतो. लाट अंगावर येताना रेस उतरवायची, पाठ मिळाली की वाढवायची. उतरवलेल्या रेसला मशीन ज्या बारीक भोकांवर जगतं, तीच तुम्ही बंद ठेवलीत. तिथे मशीन गप्प झालं की होडी आडवी होते, आणि दोरी ओढायला वेळ मिळत नाही. पिंपात लाट नसते, मेस्त्री.

ती भोकं मी उघडली. गळ्यात बटरफ्लायच्या कडेशी तीन बारीक भोकं आहेत. डोळ्यांवर चष्मा लावून स्प्रे मारला, तर दोनच ओली झाली. तिसऱ्याला तार लावली नाही, घरातल्याच मासेमारीच्या बारीक तंगुसाचा तुकडा घातला, पुन्हा स्प्रे, मग हवा मारली. तिन्हीतून सारखी धार आली तो क्षण तुम्ही एकदा तरी अनुभवायला हवा होता, मग ड्रिल हातात धरवलं नसतं. वाटी टेकते ती कड जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून, पाणी लावत, गोल गोल घासून सपाट केली. खड्डे पूर्ण गेले नाहीत, पण नवं पॅकिंग धरतंय. मेन जेटला मात्र औषध नाही. मोठं झालेलं भोक लहान होत नाही, नवाच घालावा लागला.

तुमच्या हातून आणखी किती मशिनं गेली आहेत, ते तुम्हालाच माहीत. बंदी उठून होड्या पाण्यात जायच्या आत त्यांच्या सगळ्या मालकांना बोलवा. प्रत्येकाची वाटी त्याच्यासमोर उघडा, सिलिकॉन खरवडून काढा, वाढवलेले जेट तुमच्या खर्चाने बदला. लाज वाटेल, वाटू द्या. जेट, पॅकिंग आणि गिअरच्या कामाचं बिल सोबत जोडलं आहे. पैसे घ्यायला चुलतभाऊ स्वतः येईल, आणि तो जुना जेटही बरोबर आणेल.