बोगद्यातलं पाणी कुठल्या विहिरीचं?

मुंबई-गोवा महामार्गावरचा कशेडीचा बोगदा गळतो, ही बातमी आता शिळी झाली. 2023 च्या गणपतीला जोडबोगद्यांपैकी एक चाकरमान्यांसाठी खुला झाला आणि 2024 च्या पावसात आत पाणी झिरपू लागलं. फोटो छापून आले, भेगांत सिमेंट भरून ग्राउटिंग झालं, गाड्या सुरू राहिल्या.

रस्त्यावर पाणी का, हे सगळ्यांनी विचारलं. हे पाणी एरवी कुठे गेलं असतं, हे किती जणांनी विचारलं?

सह्याद्रीचा काळा कातळ स्वतः फारसं पाणी धरत नाही. धरतात त्याच्या भेगा, दोन थरांमधले सांधे आणि वरचा मुरूम. त्यांच्यावरच झरे वाहतात, विहिरी भरतात. बोगदा नेमक्या याच भेगा कापत जातो.

आणि पाणी नेहमी सोपी वाट धरतं.

बोगद्याच्या पट्ट्यातल्या पोलादपूर-महाडच्या वाड्यांवर पाऊस 3000 मिलिमीटरच्या वर पडतो, तरी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हे दुखणं बोगद्याच्या आधीचं आहे. त्यामुळे आटलेली प्रत्येक विहीर बोगद्याच्या माथी मारता येणार नाही. मग बोगद्याचा काहीच संबंध नाही, असं तरी कशाच्या बळावर म्हणायचं?

मोजल्याशिवाय दोन्ही बाजूंची भांडणं पोकळ.

मोजायला लागतं काय? पोलादी टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची, काठावरचा आकडा धरायचा, वर ओढायची. खडू जिथवर भिजला, तेवढा आकडा वजा करायचा. काठावरच्या खुणेपासून पाणी किती खोल, ते वहीत लिहायचं. दर वेळी तीच विहीर, तीच काठावरची खूण. उपसा सुरू असताना मोजायचं नाही.

दहावीच्या पोरीलाही जमेल.

असं मोजणं दुसरीकडे सक्तीचं आहे; चंद्रपूर-वणीकडच्या उघड्या कोळसा खाणी पाहा. खाण खोल गेली की आत शिरणारं पाणी उपसावं लागतं आणि भोवतालची पातळी उतरू शकते. म्हणून खाणींच्या पर्यावरण मंजुरीत अट असते: आसपासच्या विहिरी आणि खास खोदलेल्या निरीक्षण नळ्या वर्षातून चार वेळा मोजा; मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारीत. जमीन कोळशासाठी फोडली काय नि डोंगर रस्त्यासाठी फोडला काय, पाण्याला फरक पडतो का?

ग्राउटिंगने प्रश्न मिटत नाही. भेगेत सिमेंट भरलं की पाणी मागे तुंबतं किंवा दुसरी वाट शोधतं. तुंबलं तर दाब वाढतो. भिजलेला डोंगर काय करतो, हे पोलादपूर-महाडला कुणी शिकवायला नको. जुलै 2021 मध्ये महाडचं तळिये गेलं, त्याच पावसात पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी कोसळल्या. त्याला हा बोगदा कारण नव्हता. पण डोंगरात पाणी किती चढलंय हे कळणं उन्हाळ्याइतकंच पावसाळ्यातही जिवाचं आहे.

घाट चुकला, वळणं चुकली, वेळ वाचला. बोगदा हवाच होता. त्यावरच्या वाड्यांना त्यांच्या पाण्याचा हिशेबही हवा. महामार्ग विभाग आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेने दोन्ही तोंडांकडच्या आणि माथ्यावरच्या विहिरी, झरे ठरवून घ्यावेत, बोगद्यातून वाहणारं पाणीही मोजावं आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत.

बोगद्याजवळच्या कशेडी, भोगावच्या मंडळींनी तोवर थांबू नये. पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्या आणि पहिली नोंद येत्या मे महिन्यातच करा.