आमच्याकडे

मॉरिशसच्या सहलीत आम्ही बावीस जण होतो. काकांचं आडनाव दुसऱ्या दिवशीच सगळे विसरले. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'आमच्याकडे'ने करणाऱ्या माणसाला आडनाव लागतंच कशाला? 'आमच्याकडे' म्हणजे रत्नागिरी. राहतात चाळीस वर्षं डोंबिवलीत, पण डोंबिवलीचा उल्लेख फक्त 'तिकडे' असा.

विमानतळाबाहेर पडल्यावर दोन्ही बाजूंना मैलोन् मैल ऊस लागला, तेव्हा काका गप्प होते. ऊस हा कोल्हापूरकरांनी बघायचा प्रश्न. पण पहिला नारळ दिसला आणि जे सुरू झाले ते थेट सूर्यास्ताच्या बोटीपर्यंत.

ही बोट म्हणजे कॅटमरान. दोन सडपातळ होड्या शेजारी शेजारी जोडलेल्या, मध्ये ऐसपैस फळी आणि पुढे पाण्यावर ताणलेली जाळी. टूर मॅनेजर म्हणाला, "हा शब्द मूळचा तमिळ, कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडं." काकांनी तमिळनाडू तत्काळ 'आमच्याकडे'त विलीन करून घेतलं.

मे महिन्याचा मध्य, दुपारचे चार. पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्लॅक रिव्हरहून निघालो. काकांच्या अंगात बिनबाह्यांचा स्वेटर आणि खिशात आवळासुपारीची पुडी. बोट लागू नये म्हणून ती त्यांनी सगळ्यांना वाटली, खलाशांनासुद्धा. काकू केव्हाच जाळीवर जाऊन आडव्या झाल्या होत्या. त्या काकांपासून मुद्दाम लांब बसल्या, असं मी म्हणणार नाही. पण जाळीवर काकांना चक्कर येते हे त्यांना ठाऊक होतं.

शीड वर चढलं, पण फडफडेना. इंजिनाची घरघर सुरूच. "पैसे शिडाचे आणि प्रवास डिझेलवर! आमच्याकडे याला फेरीबोट म्हणतात." तांडेलाने बिचाऱ्याने खुणेने डोंगर दाखवले. इथला वारा आग्नेयेकडून येतो आणि डोंगरांच्या आड हा किनारा निवांत पडतो. बाहेर प्रवाळाच्या कड्यावर लाटा फुटत होत्या, आत पाणी परातीतल्यासारखं संथ.

खायला गातो पिमां आले, चणाडाळीचे मिरची घातलेले वडे. "डाळवडा," काकांनी निकाल दिला. "आमच्याकडे जाडसर वाटतात." पाच खाल्ले.

मग समोर ल मॉर्नचा कडा आला, ५५६ मीटर उंच, समुद्रातून सरळ उठलेला. पळून गेलेले गुलाम याच डोंगरावर लपून राहायचे, असं मॅनेजरने सांगितलं. मी रत्नदुर्गाची वाट बघत होतो. काका बराच वेळ वर बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "वर पाणी कुठून आणत असतील हो?" उन्हाळ्यात विहिरी आटणाऱ्या गावचा माणूसच हा प्रश्न विचारू शकतो.

काकांना खरा जोडीदार भेटला तो बोटीवरचा पोरगा. रावान, म्हणजे आपल्या डफासारखं बकऱ्याच्या कातड्याचं वाद्य, शेकत बसला होता. आमचं मराठी ऐकून म्हणाला, "मी पण मराठी." त्याचे पूर्वज ऊसमळ्यांवर मजुरीला आले होते, कोकणातून. घरात आता क्रिओल, पण आरती पाठ. काकांनी तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला, "आमच्याकडे गणपतीला अख्ख्या देशाला सुट्टी."

आपल्याच शस्त्राने वार झाल्यावर माणूस कसा दिसतो, ते मी तेव्हा पाहिलं.

सूर्य पाण्याला टेकायला आला. पण हरतील ते काका कसले! मॅनेजरच्या हॉटस्पॉटवर त्यांनी रत्नागिरीला थोरल्या भावाला व्हिडिओ कॉल लावला. "दादा, मांडवीवर आहेस ना? सूर्य दाखव!"

इथे एक गंमत सांगायला हवी. मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. पण मे महिन्यात तिथे हिवाळा तोंडावर, दिवस आखूड. सूर्य पावणेसहाच्या आतच बुडतो. तेव्हा आपल्याकडे सात वाजून दहा मिनिटं झालेली असतात. म्हणजे दोन्हीकडचा सूर्यास्त जवळपास एकाच वेळचा.

पडद्यावर अंधारलेली जेटी आणि दादांचं अर्धं कपाळ. "अरे, गेला की! दहा मिनिटं झाली. तुझ्याकडे आहे अजून?"

"बघा!" काका ताडकन उभे राहिले. "आमच्याकडे आधी!"

मग सगळ्यांनाच मांडवी बघायची होती. दादांनी भेळेची गाडी दाखवली, कुणाचं तरी कुत्रं दाखवलं, वहिनींनी हात हलवला. बावीस डोकी एका फोनवर वाकली. एकवीस म्हणा, काकू जाळीवरून हलल्या नाहीत. रावानवाल्या पोराने काकांच्या खांद्याला हात लावला.

"काका, गेला."

वळून बघितलं तर समुद्र शाईसारखा झालेला.

"असू दे रे," काका फोन खिशात ठेवत म्हणाले, "आमच्याकडचाच होता."