मैदानाला कारखाना जाहीर करा

आमच्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात जिवाची किंमत गेटावर ठरते. कंपनीच्या गेटातून आत शिरलात की तुम्ही मौल्यवान. डोक्याला हेल्मेट, पायात सेफ्टी शूज, कानात इअरप्लग आणि समोर ‘अपघाताविना इतके दिवस’ लिहिलेला फळा. दर ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन: शपथ, घोषवाक्य स्पर्धा आणि शेवटी वडापाव. पेंट शॉपमध्ये मास्क खाली ओढलेला दिसला तर सुपरवायझर अख्ख्या लाइनीसमोर झाडतो. त्याच वेळी त्या कामगाराचं सात वर्षांचं पोर भिंतीपलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर, मे महिन्यात, भर दुपारी एकला, अनवाणी क्रिकेट खेळत असतं. त्याला हटकणारा एकच माणूस, प्लॉटचा वॉचमन. तोही काच फुटली तरच.

चूक अर्थात पोराची. ते कामावर नाही ना!

कामावर असतं तर त्याच्या बाजूने १९४८चा कारखाने कायदा उभा राहिला असता. (आता नव्या श्रमसंहिता आल्या, पण आमच्याकडे कलमं अजून अठ्ठेचाळीसचीच बोलतात.) कलम १३ म्हणतं, काम चालतं तिथलं तापमान माणसाला सोसेल असं ठेवा. कलम १४ म्हणतं, धूळ आणि धूर जिथे निघतो तिथेच ओढून घ्या, कामगाराच्या नाकापर्यंत जाऊ देऊ नका. सगळ्यात गोड कलम १८वं. अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात पाणी गार करून द्यायचं, आणि पाण्याची जागा मुतारी-गटारापासून सहा मीटरच्या आत नको. आता कुठल्याही सार्वजनिक बागेत जाऊन पाण्याचा नळ शोधा. बहुतेकदा तो स्वच्छतागृहाच्या मागच्या भिंतीला चिकटलेला सापडतो. नळाला पाणी येईलच असंही नाही. श्रीमंत महापालिका म्हणून मिरवणाऱ्या या शहरात नोव्हेंबर २०१९पासून पाणी दिवसाआड येतं. तहानेनेही दिवसाआडच लागायला हरकत नव्हती, पण पोरं ऐकत नाहीत.

मग सरळ पोरांनाच कामावर घेऊन टाकावं, असं आधी वाटलं. पण कलम ६७ आडवं येतं: चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात काम देता येत नाही. कलम चांगलंच आहे. फक्त त्यामुळे पोर गेटाच्या आत जाऊ शकत नाही आणि सेफ्टी गेटाच्या बाहेर येत नाही. म्हणून आमची नम्र सूचना अशी की पोरांना राहू द्या, मैदानालाच कारखाना जाहीर करा.

काही पोरांनी ईएचएस, म्हणजे पर्यावरण-आरोग्य-सुरक्षा खातं स्वतःच उघडलंय. आमच्याजवळच्या बागेत पत्र्याची घसरगुंडी आहे. दुपारी तिच्यावर हात टेकवत नाही. पोरांनी काय केलं, तर शेजारच्या वर्कशॉपच्या भंगारातून पॅकिंगचे पुठ्ठे आणले. एक पुठ्ठा बुडाखाली, एक पायाखाली, आणि वरून उतरलेला पुठ्ठा पुढच्याच्या हवाली. रांगेतला शेवटचा पोरगा आधी बाटलीतलं पाणी पत्र्यावर ओततो. पीपीई आणि कूलंट दोन्ही झालं. एखाद्या कंपनीत हे घडलं असतं तर कैझेनचं, म्हणजे छोट्या सुधारणेचं बक्षीस आणि नोटीस बोर्डावर फोटो मिळाला असता. इथे मिळाली ती माळीकाकांची शिवी, पाणी सांडल्याबद्दल.

मोठ्या माणसांनी काहीच केलं नाही असं म्हणणं अन्याय होईल. टोपी घालून देतो, बाटली भरून देतो, ‘उन्हात खेळू नको’ हे वाक्य रोज ठेवून देतो. सरकारही मागे नाही. मार्च २०२५च्या अखेरीस उष्णतेमुळे राज्यभरच्या शाळा सकाळी भरवायचं ठरलं: प्राथमिक ७ ते ११.१५, माध्यमिक ११.४५पर्यंत. पत्र्याखाली दुपारभर पोरं भाजण्यापेक्षा हे बरंच. पण बारा ते तीन बाहेर पडू नका, असंही सरकारच सांगतं. सव्वाअकराला शाळा सुटते, रिक्षाकाका बारा जणांना कोंबून सिग्नल-सिग्नल करत बाराला घरापाशी सोडतात, आणि आई-बाप दोघंही पहिल्या पाळीला. कुलूपबंद घरापुढचं पोर जाणार कुठे? मैदानात.

तिथे हवा मोजायचीही गंमत आहे. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत, जमिनीपासून चारेक फूट उंच बसतो. शास्त्राला तसंच लागतं, तक्रार नाही. पण बालवाडीतलं पोर तापमापकापेक्षा बुटकं असतं आणि उन्हात असतं. खाली तापलेले पेव्हर ब्लॉक, बाजूला गाड्यांचे सायलेन्सर त्याच्या नाकाच्या उंचीवर. वजनाच्या हिशेबात मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं, आणि खेळताना आणखी जास्त. त्यात वाहनांच्या धुरातल्या वायूंवर कडक ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि तो वाढतो दुपारीच. १६६०मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकणचा संग्रामदुर्ग किल्ला शायस्तेखानाविरुद्ध दोनेक महिने लढवला. आज त्याच चाकणला तळेगाव चौकात कंटेनरांचा वेढा पडलाय आणि तो उठायचं नाव नाही. तटावर कोणी नाही. दमेकरी पोरं तेवढी इनहेलर घेऊन उभी आहेत.

कचऱ्याचं थोडक्यात. मोशीच्या कचरा डेपोला एप्रिल २०२२मध्ये मोठी आग लागली होती. कुदळवाडीत भंगाराच्या गोदामांना आगी लागायच्या, तेव्हा रबर-प्लास्टिकचा काळा धूर लांबून दिसायचा. फेब्रुवारी २०२५मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामं पाडली. मोकळ्या झालेल्या जागेवर पोरं स्टंप ठोकायच्या आधी खालची माती कोणी तपासली का, एवढाच आमचा बाळबोध प्रश्न.

आणखी एक प्रश्न रंगाचा. घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको, हा नियम नोव्हेंबर २०१७पासून लागू आहे. औद्योगिक वापराचे रंग त्यात येत नाहीत. झोपाळ्याला रंग मारणारा ठेकेदार कुठला डबा उघडतो, हे टेंडरात लिहितात का? झोपाळ्याचा पोपडा नखाने खरवडून चाखणारे तज्ज्ञ आमच्या बागेत रोज येतात.

तर कारखाना जाहीर झाला की वेळापत्रक असं: पहिली पाळी सकाळी साडेसहा ते साडेनऊ, दुसरी संध्याकाळी साडेपाचनंतर. जनरल शिफ्ट मे महिन्यात रद्द. दर अर्ध्या तासाने पाणी, तहान लागो न लागो, कारण खेळात पोराला तहान कळत नाही. मैदानाला कडुनिंब, नाहीतर निदान शेडनेट. चक्कर, उलटी, बरळणं किंवा कातडी तापून घाम थांबणं दिसलं की लाइन बंद. पोर सावलीत, अंगावर पाणी आणि १०८ला फोन. साप्ताहिक सुट्टी एमआयडीसीप्रमाणे गुरुवारी, आणि ती खेळाला नव्हे, शिकवणीला.

वाचकहो, तुमच्या सोसायटीत एखादा सेफ्टी ऑफिसर राहत असेलच; या पट्ट्यात दर चौथ्या मजल्यावर एक सापडतो. येत्या रविवारी दुपारी एकला त्याला मैदानात न्या. घसरगुंडीवर तळहात टेकवून मनात दहा अंक मोजायला सांगा आणि मग ऑडिटचा कागद पुढे करा. त्या कागदाची एक प्रत उद्यान विभागाला द्या, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.