आवडतं यंत्र

वर्धा जिल्ह्यातल्या देवळीत पिवळं, पुढे सूप नि मागे सोंड असलेलं ते जेसीबी. साखळीवर चालतं ते पोकलेन. अंगावर नाव कोणत्याही कंपनीचं असो! 1945 मध्ये धंदा काढणाऱ्या जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रजाची आद्याक्षरं इथे सामान्यनाम झाली आहेत. पोकलेन मुळात फ्रेंच कंपनी, पण बिचारीला विचारतो कोण?

ऑपरेटरला विचारा, "भाऊ, आवडतं यंत्र कोणतं?" जाणता माणूस रस्ता सपाट करणाऱ्या ग्रेडरचं नाव घेईल, कारण त्याच्या पात्याचा जरासा कोन चुकला की रस्ता लाटा मारतो. पण मे महिन्यात, वर्ध्याच्या उन्हात, उत्तर एकच: ज्याच्या केबिनमधला एसी चालू आहे ते.

नोकरीची शाश्वती हवी तर रेल्वेचं काम धरावं. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग मंजूर झाला 2008-09 मध्ये. देवळीवरून कळंबपर्यंत गाडी धावली 2024 मध्ये. तेवढ्यात हेल्परचा ऑपरेटर होऊन त्याचं लग्नही उरकतं.

मान मात्र जेसीबीचाच. निवडणुकीत त्याच बकेटमधून नेत्यावर फुलं उधळायची. आदल्या दिवशी तिनं नाली उपसली होती, एवढं नेत्याला सांगायचं नाही.