मुखत्यारपत्रास मज्जाव

आमच्या किन्हवलीत दुसऱ्याच्या वतीने हजर राहण्याची विद्या इतकी मुरलेली आहे की, लग्नास थोरला, दहाव्यास धाकटा आणि शहापूरच्या तहसील कचेरीत जो रिकामा असेल तो, अशी वाटणी घरोघर बिनतक्रार होते, आणि एक माणूस येऊन गेला म्हणजे सबंध घर येऊन गेले, असे उभयपक्षी मनोभावे मानले जाते.

त्यामुळे आमच्या आळीतल्या काकांना, ऐन भात पोटरीत असताना, कल्याणच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस आली, तेव्हा त्यांनी तिकडेच राहणाऱ्या भाच्याच्या नावे झोकदार मुखत्यारपत्र लिहून धाडले. आणि संस्थेच्या चिटणिसांनी ते तितक्याच अदबीने परत केले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये सभासदाने आपले मत जातीने द्यावयाचे असते, प्रतिनिधीमार्फत नव्हे.

“अरे, कोर्टात वकील चालतो, मग इथे सख्खा भाचा का नाही?” काका गरजले. कंपन्यांच्या सभांत बदली माणूस चालतो, हे मी त्यांना सांगितले. मात्र त्याचे पत्र अठ्ठेचाळीस तास आधी पोहोचावे लागते, आणि त्या इसमास सभेत बोलण्याचा अधिकार नसतो. न बोलणारा भाचा त्यांच्या घराण्यात उपलब्ध नसल्याने तो विषय तिथेच संपला.

कायद्याचा हेतू, माझ्या मते, रास्तच आहे. एरवी एखादा उद्योगी पुढारी खिशात चाळीस चिठ्ठ्या घालून येईल आणि पाण्याच्या टाकीचा ठेका एकट्याने मंजूर करून जाईल. परंतु पुढचा भाग पाहा: दोन तृतीयांश अथवा वीस, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सभासद अर्ध्या तासात न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अट उरत नाही. म्हणजे गैरहजराचे पत्र चालत नाही, गैरहजेरी मात्र बेलाशक चालते!

अखेर काका स्वतः निघाले. आसनगावहून लोकल पकडून, छत्री निथळत सभेत पोहोचले, तो चिटणिसांनी वही उघडून सांगितले की, सदनिका संयुक्त नावावर असून भागदाखल्यावर प्रथम नाव काकूंचे आहे. आणि काकू उपस्थित असताना द्वितीय नामधारकास मत नाही. काकू उपस्थित होत्याच; कल्याणात साडी घ्यावयाची म्हणून त्या सोबत आल्या होत्या. त्यांनी ठरावाच्या विरुद्ध हात वर केला. काका अनुकूल होते.

ज्या किन्हवलीकरांची कल्याण-डोंबिवलीस संयुक्त नावावर सदनिका असेल, त्यांनी गाडीभाडे खर्च करण्यापूर्वी भागदाखल्यावर पहिले नाव कोणाचे आहे, तेवढे पाहून घ्यावे.